प्रश्न दुसऱ्या सामन्याचा

ढाक्यातील कमलापूरच्या मैदानावर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी जे घडले, ते क्रीडाक्षेत्रातील गमतीदार प्रसंगांच्या यादीत सहज जमा होण्यासारखे होते. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेचा तो अंतिम सामना. भारत आणि बांगलादेश यांची १-१ अशी बरोबरी झाली. निर्णयासाठी पेनल्टी किकचा अवलंब करण्यात आला, तेव्हा दोन्ही संघांतील अकराही जणींनी, गोलरक्षकांसकट, चेंडू जाळ्यात धाडला आणि ११-११ अशी बरोबरी कायम राहिली. नियमाप्रमाणे किकचा क्रम पुढे चालू ठेवावयाचा असतो. तो न ठेवता अधिकाऱ्यांनी नाणेफेक केली. कौल भारताच्या बाजूने पडला. यजमान संघाने हरकत घेतली. प्रेक्षकांतून बाटल्या भिरकावल्या गेल्या. आणि बऱ्याच खलानंतर दोन्ही संघ संयुक्त विजेते असल्याचे जाहीर करण्यात आले.

त्या वेळी चर्चा झाली ती नाणेफेकीची. अधिकाऱ्यांना नियम ठाऊक नव्हता काय, यजमानांनी दडपण आणले काय, भारताने संयुक्त विजेतेपद मान्य करावयास हवे होते काय, असे प्रश्न विचारले गेले. त्या गदारोळात खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट मात्र बाजूला पडली. वीस वर्षांचीही न झालेल्या बावीस मुलींनी खच्चून भरलेल्या मैदानात एकामागून एक बावीस किक मारल्या आणि त्यांतील एकही वाया गेली नाही. असा हात, किंबहुना असा पाय, नशिबाने लाभत नाही. त्याच्यामागे खेळलेल्या सामन्यांची मोठी रास असावी लागते. ही रास कोठे रचली जाते आणि आपल्याकडे, विशेषतः जालन्यासारख्या जिल्ह्यात, ती का रचली जात नाही, हा या घटनेतून उद्भवणारा खरा प्रश्न आहे.

बांगलादेशापुरते त्याचे उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. मैमनसिंग जिल्ह्यात, गारो टेकड्यांच्या पायथ्याशी, मेघालयाच्या सीमेलगत कलसिंदूर नावाचे एक खेडे आहे. तेथील सरकारी प्राथमिक शाळेच्या मुलींनी २०१३ पासून लागोपाठ तीन वर्षे देशातील प्राथमिक शाळांची फुटबॉल स्पर्धा जिंकली. मुलींसाठीची ही स्पर्धा तेथील सरकारने २०११ मध्ये सुरू केली होती. गावपातळीवर सामने, मग उपजिल्हा, जिल्हा, विभाग आणि शेवटी राजधानी, अशी तिची रचना होती. गावातील शिक्षकांनी मुलींना शिकवले. मुलींनी चेंडूमागे धावावे काय, त्यांनी आखूड कपडे घालावेत काय, अशा आक्षेपांना त्यांनीच उत्तरे दिली. या एका शाळेतून मारिया मांडा, सानजिदा अख्तर यांच्यासारख्या खेळाडू राष्ट्रीय संघात गेल्या. बांगलादेशाच्या महिलांनी २०२२ आणि २०२४ मध्ये काठमांडूत यजमान नेपाळला अंतिम सामन्यात हरवून दक्षिण आशियाचे विजेतेपद पटकावले, त्याची मुळे या शाळेत आणि तिच्यासारख्या शाळांत शोधावी लागतात. मुलींच्या खेळामुळे त्या गावात वीज आली, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. आपल्याकडे वीज आल्यावर खेळाचा विचार करावा असे मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

बांगलादेशात सारे काही आलबेल आहे, असा याचा अर्थ नाही. २०२५ च्या जानेवारीत तेथील जॉयपूरहाट जिल्ह्यात मुलींच्या सामन्याला विरोध करणाऱ्या जमावाने मैदानाची मोडतोड केली. म्हणजे मुलींच्या खेळाला विरोध करणारी मनोवृत्ती तेथे नाहीशी झालेली नाही. तिला न जुमानता हजारो शाळांतून सामने होत राहिले आणि त्या संख्येतून संघ उभा राहिला, एवढेच म्हणता येईल.

भारताची स्थिती याहून वेगळी आणि काहीशी चमत्कारिक आहे. महिलांच्या फुटबॉलमध्ये आपण उशिरा उतरलो, असे मुळीच नाही. ज्या इंग्लंडने जगाला हा खेळ दिला, तेथील संघटनेने १९२१ पासून सुमारे पन्नास वर्षे आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद ठेवली होती. ती बंदी उठल्यावर चारच वर्षांत, १९७५ मध्ये, आपल्याकडे महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९८० साली कालिकत येथे आणि १९८३ साली बँकॉक येथे भारतीय महिला आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. त्याच १९८३ मध्ये बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. एवढे यश हाताशी असताना पुढील काळात आशियातील इतर देश आपल्याला मागे टाकून गेले. मूठभर गुणी खेळाडूंच्या बळावर मिळालेले यश होते ते. त्या खेळाडू थकल्या आणि त्यांच्यामागे रांग नव्हती.

हीच उणीव २०२२ मध्ये जगाच्या नजरेस आली. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेचे यजमानपद आपल्याकडे होते. यजमान म्हणून भारताला आपसूक प्रवेश मिळाला. स्वीडनचे अनुभवी प्रशिक्षक थॉमस डेनर्बी नेमण्यात आले आणि सरावशिबिरे भरवली गेली. भुवनेश्वरला प्रत्यक्ष स्पर्धेत भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. तीन सामन्यांत सोळा गोल स्वीकारले, एकही करता आला नाही. मुलींना दोष देण्यात काडीचाही अर्थ नव्हता. ज्या वयात समोरच्या संघांतील मुली दर आठवड्याला सामने खेळत आल्या होत्या, त्या वयात आपल्या मुली निवडचाचणीची वाट पाहत होत्या. शिबिर कितीही लांबवले, तरी ते सामन्यांची जागा घेऊ शकत नाही.

त्या संघाच्या घडणीतही एक धडा होता. कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील. एकवीस जणींच्या त्या चमूत एकट्या झारखंडच्या सहा मुली होत्या आणि मणिपूरच्याही बऱ्याच होत्या. महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसोझा होती. गुमला किंवा सिमडेगा हे काही धनवान जिल्हे नव्हेत. संपत्ती आणि खेळ यांचा आपण मनाशी जो हिशेब मांडतो, तो या यादीपुढे टिकत नाही.

महाराष्ट्राने या काळात यजमानाची भूमिका मात्र हौसेने पार पाडली. २०२२ च्या आरंभी महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. करोनाने खेळाडूंना गाठल्यामुळे भारताला त्या स्पर्धेतून मध्येच बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे नमवले. त्याआधी, २०१७ मध्ये, मुलांच्या विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ नावाचा उपक्रम हाती घेतला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, अशी ती कल्पना होती. राज्यभरच्या हजारो शाळांना चेंडू देण्यात आले. उपक्रमाचा हेतू चांगला होता. परंतु ज्या कार्यक्रमाचे यश एका दिवसात मोजावयाचे असते, त्याची जबाबदारी दुसऱ्या दिवशी कोणावरच राहत नाही. चेंडू ही वापरून झिजणारी वस्तू आहे. तो कपाटात नवाकोरा राहिला तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याच्यासाठी सामना ठरवलेला नव्हता. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून?

हा आड तपासावयाचा, तर मुंबई-पुण्यात तपासून चालणार नाही. तेथे क्लब आहेत, खासगी प्रशिक्षणवर्ग आहेत आणि मुलीला सकाळी मैदानावर सोडणारे पालकही आहेत. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्याचे उदाहरण त्यासाठी अधिक उपयुक्त आहे. ‘जालना सोने का पालना’ अशी या शहराची जुनी ख्याती. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांमुळे ती आजही अगदीच खोटी ठरलेली नाही. परंतु त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण राज्यातील तळाच्या जिल्ह्यांत होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणींचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाल्याचे आढळले. संपूर्ण राज्याचे प्रमाण सुमारे बावीस टक्के होते. ज्या वयोगटाला क्रीडा संघटना ‘सतरा वर्षांखालील’ आणि ‘एकोणीस वर्षांखालील’ म्हणतात, तो वयोगट या जिल्ह्यातील अनेक मुलींच्या बाबतीत बोहल्यावर संपतो. मुलींच्या फुटबॉलचा विचार करताना हे वास्तव दृष्टिआड करता येणार नाही.

आता आपल्या शालेय स्पर्धांची रचना पाहू. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या. कागदावर ही रचना कलसिंदूरच्या स्पर्धेहून फारशी निराळी नाही. फरक आहे तो सामन्यांच्या संख्येत. आपल्याकडील सामने सामान्यतः बाद पद्धतीने होतात. सोळा संघांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर पंधरा सामन्यांत सारे आटोपते, आणि आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलींचा हंगाम तासाभरात संपतो. तालुक्यातून चारच संघ आले तर तीन सामने होतात आणि दोन संघांचा खेळ एका सामन्यात आवरतो. जेथे एकाच शाळेने संघ नोंदवला असेल, तेथे ‘पुढे चाल’ मिळून तालुक्याची पायरी चेंडूला पाय न लावताच ओलांडली जाते. अशा व्यवस्थेत हरलेल्या मुलीला दुसरा सामना पुढच्या वर्षी मिळतो. आणि जालन्यातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पुढचे वर्ष ही फार दूरची गोष्ट असते.

तेच सोळा संघ चार गटांत विभागून साखळी पद्धतीने खेळवले, तर गटांतील चोवीस आणि पुढचे तीन मिळून सत्तावीस सामने होतील. वाढले केवळ बारा सामने. पण प्रत्येक मुलीला किमान तीन मिळाले. यासाठी नवा कायदा किंवा नवे खाते निर्माण करावे लागत नाही. सामन्यांचे वेळापत्रक निराळे आखावे लागते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हीच वाट स्वीकारलेली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भूतानमधील थिम्पू येथे दक्षिण आशियातील सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा झाली. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान असे चारच संघ. बाद पद्धतीने तीन सामन्यांत निकाल लागला असता. तेथे दुहेरी साखळी ठेवण्यात आली आणि प्रत्येक संघ सहा सामने खेळला. विजेतेपद आधीच निश्चित केलेल्या भारताला शेवटच्या लढतीत बांगलादेशाने ४-३ असे हरवले. तरीही चषक भारताकडेच आला. पराभव पचवूनही विजेता होता येते, ही सोय साखळी पद्धतीत असते. त्याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील भारतीय मुलींनी २०२६ च्या आशियाई स्पर्धांसाठी पात्रता मिळवली, आणि ती यजमानपदाच्या कृपेने नव्हे तर पात्रता फेरी खेळून. तीन वर्षांपूर्वीच्या सोळा गोलांशी ताडून पाहिले म्हणजे सामने खेळण्याचे मोल ध्यानात येते.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की कबड्डी आणि खोखो हे आपल्या मातीतले खेळ असताना फुटबॉलचा आग्रह कशासाठी? कबड्डी-खोखोने मराठी मुलींना मैदान दाखवले, याविषयी दुमत नाही. ते खेळ वाढलेच पाहिजेत. परंतु या दोन्ही खेळांना शाळेच्या आवारातील एक कोपरा पुरतो. गावातील मोठे, मोकळे मैदान मुलांच्या क्रिकेटसाठी जणू राखीव असते. फुटबॉलच्या निमित्ताने मुलींच्या दोन संघांना ते संपूर्ण मैदान ठरलेल्या वेळी, सर्वांच्या देखत मिळते. गावाच्या मोकळ्या जागेवर मुलींचाही हक्क आहे, हे भाषणातून पटवणे कठीण. दर शनिवारच्या सामन्याने ते हळूहळू अंगवळणी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जेथे पाण्याचे दुर्भिक्ष, पिकाची हमी नाही आणि शाळांत शिक्षक अपुरे, तेथे खेळ ही चैन नव्हे काय? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शाळेला वर्गखोली आणि पिण्याचे पाणी जसे अनिवार्य, तसेच खेळाचे मैदानही त्याच परिशिष्टात अनिवार्य म्हटलेले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही त्यात आहे. कायद्याने जे आवश्यक मानले, त्याला चैन म्हणण्याची मुभा प्रशासनाला नाही.

व्यवहारातील अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांचा विचार स्थानिक परिस्थिती पाहूनच करावा लागेल. जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी माती आहे. पावसाळ्यात तिच्यावर चेंडू रुततो आणि पाय घसरतो. मुरूम टाकून सपाट केलेले एक मैदान दर केंद्रात असेल, तरी आसपासच्या शाळांचे काम भागेल. राज्याची क्रीडांगण विकास अनुदानाची योजना त्यासाठीच आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने किंवा एसटीच्या सवलतीच्या पासावर येतात. शाळा सुटल्यावर सराव ठेवला तर बस चुकते, आणि बस चुकली की दुसऱ्या दिवशी सराव बंद होतो. म्हणून सराव आणि सामने शाळेच्या वेळेतच, शनिवारच्या सकाळच्या सत्रात बसवले पाहिजेत. आणखी एक गोष्ट ऊसतोडीची. मंठा, अंबड, घनसावंगी या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. आईबापांबरोबर मुलीही जातात. काहींचे लग्न त्याआधीच उरकले जाते, कारण उचल मिळते ती जोडप्याला, म्हणजे ‘कोयत्या’ला. साखळी सामने जुलैत सुरू होऊन दसऱ्यापर्यंत संपले, तर या मुलींना निदान एक पुरा हंगाम मिळेल. मुंबईत बसून आखलेल्या वेळापत्रकात हा विचार असू शकत नाही. तो जिल्हा क्रीडा अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापक यांनीच करावयाचा आहे.

फुटबॉलने बालविवाह थांबतील, असा दावा कोणी करू नये. २००६ चा कायदा, त्याखालील अधिकारी आणि दंडाची तरतूद एवढे सारे असूनही जे थांबले नाही, ते चेंडूने थांबणार नाही. दारिद्र्य, असुरक्षितता आणि हुंड्याची धास्ती ही त्याची कारणे आपल्या जागी आहेत. तथापि एक गोष्ट घडू शकते. आजघडीला नववीतील एखादी मुलगी शाळेत येईनाशी झाली, तर तिची नोंद हजेरीपटावरच्या रिकाम्या चौकटीत होते आणि पुष्कळदा तेथेच राहते. ती मुलगी संघाची बचावपटू असेल, पुढच्या शनिवारी तिचा सामना ठरलेला असेल, तर तिची अनुपस्थिती उरलेल्या दहा जणींना त्याच दिवशी जाणवते. त्या शिक्षकांना विचारतात, शिक्षक घरी जातात. अकराव्या जागेची उणीव ही हजेरीपटातील रिकाम्या चौकटीहून अधिक बोलकी असते. कायद्याला वेळीच खबर लागण्याची गरज असते, आणि ती खबर अशा संघांतून मिळू शकेल.

जालन्याला हे समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरज पडू नये. देशाला संकरित बियाणे पुरवणारा हा जिल्हा आहे. चांगले वाण मिळवावयाचे तर अनेक ओळी पेराव्या लागतात, हंगामामागून हंगाम त्यांच्यावर नजर ठेवावी लागते आणि मगच निवड होते, हे येथील शेतकरी व व्यापारी दोघेही जाणतात. एका सकाळच्या निवडचाचणीत खेळाडू हुडकण्याचा आपला प्रघात म्हणजे न पेरताच कापणीला निघण्याचा प्रकार आहे.

ढाक्यातील त्या संध्याकाळी नाण्याची कोणती बाजू वर आली, याला आता फारसे महत्त्व उरलेले नाही. दक्षिण आशियाचे पुढचे चषक भारत जिंको वा बांगलादेश. राज्य सरकार त्यांचे अभिनंदन करील आणि पारितोषिकेही जाहीर करील. जालना जिल्ह्याने मात्र आपल्यापुरती एक साधी नोंद ठेवण्यास हरकत नाही. यंदा आठ तालुक्यांतील किती मुली पहिला सामना हरल्या आणि त्यांपैकी कितीजणींना याच हंगामात दुसरा सामना खेळावयास मिळाला? हा आकडा दरवर्षी जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या फलकावर लागला पाहिजे आणि पालकांनी व शिक्षकांनी त्याचा जाब विचारला पाहिजे.